बोव्हेचे अपुरे कॅथेड्रल

पॅरिसच्या उत्तरेला पंचाहत्तर किलोमीटरवर बोव्हे हे गाव आहे. तिथले संत पीटरचे कॅथेड्रल बाहेरून पाहणाऱ्याला अर्ध्यावर तोडल्यासारखे वाटते. पूर्वेला वेदीचा भाग आहे, क्रुसाच्या आकारातल्या आराखड्याचे दोन आडवे हात आहेत. भाविकांसाठीचे पश्चिमेकडचे लांब दालन मात्र नाहीच. त्या जागी दहाव्या शतकातले जुने, बुटके चर्च अजून उभे आहे. नवे काम पुढे सरकले की ते पाडले जायचे होते, पण काम तिथवर पोचलेच नाही. मध्ययुगातली गॉथिक वास्तुकला समजून घ्यायची असेल, तर शार्त्र किंवा आमिएँच्या देखण्या कॅथेड्रलांआधी मी बोव्हेचे नाव घेईन. त्या कलेची झेप आणि तिची मर्यादा, दोन्ही इथल्या दगडांत वाचता येतात.

गॉथिक गवंड्यांपुढचा प्रश्न छताचा होता. दगडी कमानदार छत भिंतीवर खाली भार टाकते, शिवाय तिला बाहेरही रेटते. म्हणून त्याआधीच्या चर्चच्या भिंती जाडजूड, खिडक्या लहान आणि आत काळोख. पॅरिसजवळच्या सँ-देनी मठाचे प्रमुख स्युजे यांनी ११४४ मध्ये वेदीमागचा नवा भाग पूर्ण करवून घेतला आणि रंगीत काचांतून आत प्रकाश आणला. टोकदार कमान, दगडी फासळ्यांचे छत या गोष्टी सुट्या-सुट्या आधीही वापरात होत्या. तिथे त्या एकत्र आल्या. टोकदार कमानीचा बाहेरचा रेटा गोल कमानीपेक्षा कमी असतो. शिवाय दोन खांबांतले अंतर कमी-जास्त असले, तरी कमानींचे माथे एका उंचीवर जुळवता येतात.

छत चढवण्याची रीत मोठी शिस्तीची होती. परांचीवर लाकडी सेंट्रिंग उभारायचे, त्यावर फासळ्यांचे घडीव दगड दोन्ही बाजूंनी रचत आणायचे आणि माथ्यावर कळीचा दगड बसवायचा. मग फासळ्यांमधल्या जागा पातळ दगडांनी भरायच्या. चुना सावकाश धरतो, म्हणून सेंट्रिंग उतरवायची घाई करायची नाही. ते उतरले की पुढच्या खणासाठी वापरायचे. एवढे झाले, तरी रेटा उरतोच. त्यासाठी बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लाइंग बट्रेस आले. कलत्या भिंतीला बाहेरून वासा लावावा, तशी ही दगडी अर्धकमान छताचा रेटा दूरच्या भक्कम खांबावर नेते. त्या खांबावरचा निमुळता कळस केवळ शोभेचा नसतो. त्याच्या वजनाने खांब जागी दाबून राहतो. भार असा बाहेर गेला आणि भिंतीची जागा काचेने घेतली.

मग उंचीची चढाओढ लागली. पॅरिसच्या नोत्र-दामचे छत सुमारे ३३ मीटर, शार्त्रचे ३६, रँसचे ३८, आमिएँचे ४२. बोव्हेत १२२५ साली काम सुरू झाले आणि १२७२ मध्ये वेदीवरचे छत ४८ मीटरवर टेकले. त्याहून उंच गॉथिक छत कुणी बांधले नाही.

बारा वर्षांनी, १२८४ मध्ये, त्यातला बराच भाग कोसळला. कुणी वाऱ्याच्या जोराने एका आधारखांबाला तडे गेले असे मानतात, तर कुणी चुना हळूहळू दबत गेल्याचे कारण देतात. हा वाद आजही चालू आहे. त्या काळच्या गवंड्यांकडे भाराचे गणित नव्हते. भूमिती, ओळंबा आणि आधीच्या इमारतींचा अनुभव एवढ्यावर सगळे चाले. तरीही त्यांनी उंची एका वितीनेही कमी केली नाही. खांबांच्या मधोमध नवे खांब घातले, एकेका खणाचे छत चाराऐवजी सहा भागांत विभागले आणि पुन्हा ४८ मीटर गाठले. माझ्या मते गॉथिक कारागिरांचा सगळ्यात मोठा पराक्रम हाच.

पुढे शतवार्षिक युद्धाने काम थांबवले. सोळाव्या शतकात क्रुसाचे हात बांधून झाले. त्यानंतर खरे तर दालन घ्यायला हवे होते. पण तिथल्या धुरिणांनी मधोमध १५३ मीटरचा मनोरा चढवला. तो १५६९ मध्ये पूर्ण झाला. पश्चिमेला दालनच नसल्याने त्या बाजूने मनोऱ्याला पुरेसा आधार नव्हता. १५७३ च्या स्वर्गारोहणाच्या सणाला, मिरवणूक नुकतीच चर्चबाहेर पडली असताना, तो खाली आला. पडझड दुरुस्त करण्यातच पैसा संपला आणि १६०० च्या सुमारास दालनाचा नाद सोडून दिला गेला.

आपल्याला टोकदार कमानी परिचित आहेत त्या मुंबईच्या राजाबाई टॉवर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अशा इमारतींमुळे. ते गॉथिक शैलीचे एकोणिसाव्या शतकातले पुनरुज्जीवन. त्याचे मूळ उत्तर फ्रान्समधल्या अशा चर्चांमध्ये आहे. बोव्हेची काळजी अजून मिटलेली नाही. बट्रेसमधल्या लोखंडी सळया १९६० च्या दशकात काढल्या, तेव्हा वाऱ्याने होणारी हालचाल वाढली आणि नव्या सळया बसवाव्या लागल्या. क्रुसाच्या हातात आज लाकूड-पोलादाचे अवजड टेकू उभे आहेत.

पॅरिसला जाणाऱ्यांनी एक दिवस बोव्हेसाठी राखून ठेवावा. आत गेल्यावर काचा नंतर पाहा. आधी वेदीच्या दोन्ही बाजूंचे खांब नीट निरखा आणि १२८४ नंतर मधे घातलेले कोणते, ते ओळखून काढा.