नळीखालची अक्षरे

२०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. पणजोबांपासून बंदुका सांभाळत आलेल्या कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहिला: तिसरी कोणती सोडायची? माझ्या परिचयातल्या एका घराने इंग्रजी नाव कोरलेली नक्षीदार दुनळी ठेवली आणि साधी, बिननक्षीची सोडून दिली. निर्णय नाव पाहून झाला. बंदूक उलटी करून कोणी पाहिली नाही.

जुन्या बंदुकांचा मोठा बाजार ब्रिटनमध्ये आहे. रानकबुतरे, फेझंट आणि हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्या, या सगळ्यांना चालेल अशी एकच वापरलेली बंदूक शोधणारे लोक तिथे पुष्कळ. जुनी बंदूक पारखण्याचे शास्त्रही तिथेच घडले आणि आपल्या वाड्यांमधल्या इंग्रजी बंदुकांना ते तसेच्या तसे लागू पडते.

आधी एका शब्दाचा उलगडा. ‘बारा बोअर’ म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा आतला व्यास ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअर बारापेक्षा लहान असते.

आता नाव. नळीवर कोरलेले नाव पुष्कळदा बनवणाऱ्याचे नसून विकणाऱ्याचे असते. कलकत्त्याची रॉडा कंपनी १९१४ साली क्रांतिकारकांनी पळवलेल्या माउझर पिस्तुलांमुळे इतिहासात गेली. अशा पेढ्यांची नावे ज्यांवर आहेत, त्या शिकारी बंदुकांपैकी कित्येक बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडवलेल्या असत. नावाने दुकान कळते, बंदूक कळत नाही.

बंदूक कळते ती नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर. बंदूक बंद असताना हा भाग झाकलेला असतो. नळ्या सोडवल्या की दिसतो. तिथे प्रूफ हाउसचे ठसे असतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. काम एकच: नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून नळी उडवून पाहायची आणि टिकली तर ठसा मारायचा. जुनी नळी काळ्या दारूसाठी तपासलेली असे. बिनधुराची दारू आल्यावर वेगळी परीक्षा लागली. १८९६ नंतर बर्मिंगहॅमच्या नळ्यांवर ‘नायट्रो प्रूफ’ ही अक्षरे येऊ लागली. १९०४ पासून तिथे मुकुटाखाली ‘एनपी’ आणि लंडनच्या नळीवर तलवार धरलेल्या हाताखाली ‘एनपी’ असा ठसा आला. १९२५ नंतर चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या जागेची, लांबी कोरली जाऊ लागली आणि १९५४ नंतर दाब टनांत लिहिला जाऊ लागला. ही अक्षरे वाचता आली की बंदुकीचा काळ आणि तिची ताकद दोन्ही समजतात.

यांतली सर्वांत दुर्लक्षित नोंद चेंबरच्या लांबीची. जुन्या इंग्रजी बंदुकांचे चेंबर बहुधा अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आजची पुष्कळ काडतुसे पावणेतीन इंचांची, ७० मिलिमीटरची असतात. घोटाळा असा की काडतुसाची लांबी तोंड उघडल्यावरची, म्हणजे बार उडाल्यानंतरची मोजतात. न उडवलेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असते, त्यामुळे लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये निमूटपणे बसते. बार उडताना मात्र दुमड पुढे उलगडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. काडतूस बसले म्हणजे ते त्या बंदुकीचे आहे, असे मुळीच नाही.

दुसरी परीक्षा धातूच्या जाडीची. गंजाचे खड्डे काढण्यासाठी नळी आतून घासतात आणि प्रत्येक घासणीत पत्रा पातळ होतो. ठशात लिहिलेल्या व्यासापेक्षा नळी इंचाच्या दहा हजारांशांनी रुंद झाली, की ती प्रूफबाह्य ठरते. अशी बंदूक विकणे ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. आतला व्यास मोजून भागत नाही, भिंतीची जाडीही मापून घ्यावी लागते. वीस हजारांश इंच, साधारण अर्धा मिलिमीटर, ही तिथल्या व्यवहारातली खालची मर्यादा. जुनी नळी आरशासारखी चकाकत असेल तर हुरळून न जाता आधी ती किती घासली आहे ते विचारावे.

मग मडक्यासारखी वाजवून पाहण्याची रीत. नळ्यांची जोडी खालच्या आकड्याने लोंबती धरून हलकी टिचकी मारायची. लांब नाद आला तर मधल्या पट्ट्यांचा डाख शाबूत; आवाज बद्द आला तर तो सुटला आहे. बिजागरीतला खिळखिळेपणा आणि पट्टीचा डाख कुशल कारागीर दुरुस्त करतो. झिजलेला धातू परत येत नाही. म्हणून आधी नळी, मग बाकीचे.

‘सर्वकामी’ म्हणजे मध्यम. नळीच्या तोंडाशी असलेल्या आकुंचनाला चोक म्हणतात. पूर्ण चोकच्या नळीतून चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे पडतात, अर्ध्या चोकमधून ६०, सुधारित सिलिंडरमधून ५०. एक नळी सुधारित सिलिंडर आणि दुसरी अर्धी, ही जोडी बहुतेक कामांना पुरते. वजनासाठी ग्रीनरचा नियम आहे: छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट बंदूक असावी. १⅛ औंस छर्रे असतील तर पावणेसात पौंड, म्हणजे तीन किलोंच्या आसपास. याहून हलकी बंदूक दिवसभर वागवायला बरी, पण खांद्याला धक्के देते. शेवटी दस्ता. छऱ्याच्या बंदुकीला मागचे निशाण नसते. नेमबाजाचा डोळाच ते काम करतो. त्यामुळे दस्ता अंगाला बसला नाही, तर नामांकित बंदूकही चुकीच्या जागी मारते.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार संपली. उरले शेतीसंरक्षणाचे परवाने, नेमबाजीची मैदाने आणि घरातला वारसा. सुरुवातीला सांगितलेली दुनळी पुढे तिच्या मालकाने मला नळ्या सोडवून दाखवली. खाली ठसा अडीच इंचांचा होता. कपाटातल्या काडतुसांच्या पेटीवर ७० मिलिमीटर छापलेले होते. यांतली किती उडवली, असे विचारल्यावर ते म्हणाले, “पंधरा-वीस. काही झालं नाही.” ती पेटी त्यांनी बाजूला काढली आणि नळ्या जाडी मोजायला परवानाधारक कारागिराकडे पाठवल्या. सोडून दिलेल्या साध्या बंदुकीखाली काय लिहिले होते, ते आता कोणालाच आठवत नाही.