गोट्यांखालचे तेल

२४ मार्च १९८९ रोजी अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ‘एक्झॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढले आणि सुमारे ३७,००० टन कच्चे तेल समुद्रात सांडले. तेल पचवणारे जिवाणू बाहेरून आणायची गरज नव्हती. ते त्या पाण्यात होतेच. तुटवडा होता नायट्रोजन आणि फॉस्फरसचा. तेलात कार्बन उदंड, पण नुसत्या कार्बनवर पेशी वाढत नाही.

त्या उन्हाळ्यात काही किनाऱ्यांवर तेलाला धरून राहणारे खत फवारण्यात आले. दोनेक आठवड्यांत काळ्याकुट्ट गोट्यांमध्ये फवारलेला चौकोन तेवढा उजळ झाला. हेलिकॉप्टरमधूनही तो ओळखू येई. ‘तेल खाणाऱ्या जिवाणूं’च्या कीर्तीला याहून सोयीचा पुरावा मिळाला नसता. चौकोन खराच होता, पण तो वरच्या गोट्यांचा.

खाली घोडे अडते ते ऑक्सिजनपाशी. एक किलो तेल पुरते पचवायला सुमारे साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. थंड समुद्राच्या लिटरभर पाण्यात तो जेमतेम १० मिलिग्रॅम विरघळलेला असतो. म्हणजे किलोभर तेलामागे साडेतीन लाख लिटर पाणी. वरच्या सैल गोट्यांत भरती-ओहोटी हे पाणी रोज खेळवते. त्यांच्याखालच्या घट्ट थरात ते फारसे शिरतच नाही. याच साउंडमधल्या एलिनॉर बेटावरच्या अशा तेलकट थरात ऑक्सिजन लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास उतरलेला आढळला. साडेतीन लाख लिटरांचा हिशेब तिथे कुठून जुळणार? ऑक्सिजनवाचून तेल फोडणारे जिवाणूही असतात, पण त्यांचे काम फार सावकाश चालते.

थंडीला मात्र वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. थंडीत तेल घट्ट होते, पेशींचा वेग मंदावतो, हे खरे. तरी थंड पाण्याला सरावलेले जिवाणू आपले काम करतात. उलट गोव्याच्या उबदार किनाऱ्यावर पावसाळ्यात येऊन पडणारे तेलगोळे लवकर संपत नाहीत. जिवाणूंच्या वाट्याला गोळ्याची फक्त वरची साल येते, आणि पचायला सोपे, हलके घटक वाटेतच उडून किंवा खपून गेलेले असतात.

२००१ साली प्रिन्स विल्यम साउंडच्या ९१ ठिकाणी सुमारे ९,००० खड्डे खणण्यात आले. निम्म्याहून अधिक ठिकाणी तेल निघाले. काही खड्ड्यांत ते अजून पातळ होते आणि त्याचा वासही गेलेला नव्हता.