कुंकू, काठ आणि उजेड

लोकमान्य टिळकांची पगडी लाल होती. जुन्या फोटोंत मात्र ती काळपट दिसते. त्या काळच्या अल्बममधल्या पणजीचं कुंकूही काळंच. हा फोटो टिपणाऱ्या त्या काचांचा गुण. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत जाहीर केली, आणि त्या काचेला निळा-जांभळा उजेड तेवढा कळत असे. लाल म्हणजे तिच्या लेखी अंधार. पुढच्या कोरड्या काचाही कितीतरी वर्षं लाल रंगाला बिचकतच राहिल्या. आकाशी लुगडं पांढरं उतरे, तांबडं काळं, आणि सावळा चेहरा प्रत्यक्षाहून गडद. सगळे रंग जाणणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्वत्र रुळायला १९२०चं दशक यावं लागलं. फोटोसाठी काय नेसायचं हा प्रश्न असा पहिल्यापासून प्रकाशाशी बांधलेला आहे. आज मात्र प्रकाशयोजना वेगळी, पोझ वेगळी आणि पोशाख, वेळ उरलाच तर, शेवटी शिकवला जातो. माझ्या मते हा सगळा एकच निर्णय आहे आणि तो कापडापासून सुरू होतो.

जुन्या फोटोंतली माणसं ताठ दिसतात त्यालाही कारण आहे. काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमटा लावत. नीट पाहिलं तर उभ्या माणसाच्या पावलांमागे त्या चिमट्याच्या स्टँडचा पाय सापडतो. टेबलावर टेकलेला हात, खुर्चीच्या पाठीवर विसावलेला पंजा हे आधी आधार होते, मागाहून त्यांचा रिवाज झाला. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचं पेटंट मिळवलं, फोटो स्वस्त झाला आणि रंगवलेला पडदा, खांब, कठडा जगभर पोचला. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हरिश्चंद्र चिंतामण आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार.

मॉडेलच्या कपड्यांचं मोल मला सर्वांत नेमकं दिसतं ते मालीच्या सेदू केइताच्या कामात. १९४८ मध्ये त्याने बामाकोत स्टुडिओ काढला. उजेड दिवसाचा, पडदा म्हणून घरातला पलंगपोस. गिऱ्हाइकांसाठी त्याने सूट, घड्याळं, पेन, रेडिओ, अगदी स्कूटरही ठेवली होती. नक्षीच्या पलंगपोसापुढे तो नक्षीदार झग्यातल्या बाईला बसवी. कुठलंही शिकाऊ पुस्तक हे करू नका म्हणेल. पण एवढ्या नक्षीत चेहरा आणि हात एवढेच बिननक्षीचे उरतात, आणि नजर तिथेच जाऊन थांबते. पोर्ट्रेट शिकणाऱ्याने तांत्रिक पुस्तकांआधी ही चित्रं पाहावीत असं मला मनापासून वाटतं.

हॉलिवूडची वाट निराळी. १९३०च्या सुमारास एमजीएम स्टुडिओत आलेला छायाचित्रकार जॉर्ज हरेल बूमच्या लांब दांडीला दिवा बांधून तो मॉडेलच्या डोक्यावर आणी. कडक उजेड आणि साटीनचा गाऊन यांची जोडी त्याने जमवली: मॉडेल आडवी रेलली की साटीनच्या प्रत्येक चुणीवर उजेडाची सळसळती रेघ उमटते. खादीवर हा दिवा वाया जाईल. त्या नाट्यमय छायाप्रकाशाची ओढ आपल्याकडेही होती. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी दादरला इंडिया फोटो स्टुडिओ काढला आणि नर्गिस, मीनाकुमारी, देव आनंद यांचे चेहरे अशाच गडद सावल्यांतून घडवले.

पण मराठी स्टुडिओची खरी परीक्षा पैठणीची. जर ही धातूची. तिच्यासमोर जे असेल तेच ती दाखवते. छोटा उघडा दिवा लावला तर एक चुणी पांढरीफटक भडकते आणि शेजारची काळी पडते. बाजूला बटर पेपर ताणलेली मोठी फ्रेम किंवा थर्माकोलची शीट ठेवली की जरीला तो सगळा पांढरा विस्तार दिसतो आणि पदर सोन्यासारखा उजळतो. मात्र तेवढ्याच उजेडावर चेहरा सपाट होतो. म्हणून पदराला मोठा मंद उजेड आणि चेहऱ्याला वेगळा, लहान, जवळचा दिवा. जवळच्या दिव्याचा आणखी एक फायदा: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. चेहऱ्यापासून एक मीटरवर असलेला दिवा पायांपासून दोन मीटरवर असेल, तर पांढरं धोतर चेहऱ्यावर मात करत नाही.

नथीचंही शास्त्र आहे. ती डाव्या नाकपुडीत असते. दिवा मॉडेलच्या उजवीकडे खूप बाजूला नेला तर नाकाची सावली नथ गिळून टाकते. डावीकडून पण फार उंचावरून आला तर नथीची सावली ओठांवर पडते. दिवा डावीकडे, जरा खाली, आणि चेहरा त्याच्याकडे किंचित वळलेला, असं केलं की मोत्यांचा गोलावा दिसतो. नऊवारीत कासोट्यामुळे पाय मोकळे असतात, तेव्हा भार मागच्या पायावर देऊन दुसरा पुढे टाकावा. काठ पायाच्या रेषेने उतरतो. सहावारीत तसंच उभं केलं की निऱ्या फाकतात. तिथे पावलं जवळ ठेवून कमरेतून वळावं.

एका गोष्टीवर, त्वचेच्या रंगावर, मात्र मी अडून बसेन. कोडॅकची रंग जुळवण्याची कार्डं कित्येक वर्षं गोऱ्या बाईच्या चेहऱ्यावर बेतलेली होती. तपकिरी छटा नीट उतराव्यात म्हणून चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातदारांच्या तक्रारी कारणी लागल्या. आता फिल्मचं कारण उरलेलं नाही, तरी सावळ्या मॉडेलला दोन छटा उजळ करण्याची सवय स्टुडिओंतून गेलेली नाही. सावळ्या त्वचेला मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागाचा उजेड बाजूने द्यावा, गालाच्या हाडावरची चकाकी पावडरने पुसू नये, आणि एक्स्पोजर मॉडेलच्या चेहऱ्यावरून ठरवावं, साडीच्या जरीवरून नव्हे.