जमीन वाढली, पण बांध सरकला का?

क्लाउडवरच्या सर्व्हरची डिस्क भरत आली की अजूनही अनेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो तो वेळेचा: सर्व्हर बंद कधी ठेवायचा? मग ग्राहकांना आगाऊ सूचना जाते, रात्री दोनचा मुहूर्त निघतो आणि दोघातिघांच्या कपाळी जागरण येते. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने फेब्रुवारी 2017 मध्ये ईबीएस या आपल्या ब्लॉक स्टोरेजमध्ये ‘इलास्टिक व्हॉल्यूम्स’ ही सोय आणली. तेव्हापासून चालू सर्व्हरला जोडलेली डिस्क जागच्या जागी मोठी करता येते, तरी ही भीती गेलेली नाही. दुसरीकडे नेमका उलटा अतिविश्वासही दिसतो. कन्सोलमध्ये 100 चे 200 केले की काम संपले, असे मानणारेही कमी नाहीत. दोन्ही समजुतींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे डिस्क ही एकसंध वस्तू धरून चालणे. प्रत्यक्षात ती एकावर एक बसलेल्या तीन थरांची (व्हॉल्यूम, पार्टिशन आणि फाइल सिस्टिम) रचना आहे आणि प्रत्येक थर स्वतःचा आकार स्वतंत्रपणे लिहून ठेवतो. हे तीन आकडे वेगळे काढले की पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप सुटतात.

गैरसमज 1: डिस्क मोठी करायची तर सर्व्हर बंद करावाच लागतो

ही समजूत लोखंडी डिस्कच्या काळातली, आणि त्या काळात ती खरीच होती. पेटीतली डिस्क काढून मोठी बसवायची तर यंत्र थांबवणे भागच होते. ईबीएसची डिस्क मात्र सर्व्हरच्या पेटीत नसते. त्याच अव्हेलेबिलिटी झोनमधल्या वेगळ्या स्टोरेज यंत्रांवर डेटा प्रतींसह ठेवलेला असतो आणि सर्व्हर नेटवर्कवरून त्याच्याशी बोलतो. सर्व्हरच्या दृष्टीने डिस्क म्हणजे क्रमांक दिलेल्या ब्लॉकची एक लांब ओळ. आकार वाढतो म्हणजे त्या ओळीच्या शेवटी नवे क्रमांक जोडले जातात. आधीच्या क्रमांकांना धक्का लागत नाही, म्हणून चालू वाचन-लेखन थांबवण्याचे कारण उरत नाही. बदल मागितला की व्हॉल्यूमची अवस्था आधी ‘मॉडिफाइंग’ आणि मग ‘ऑप्टिमायझिंग’ अशी दिसते. वाढलेली जागा ऑप्टिमायझिंग सुरू होताच वापरता येते, आणि तिथवर पोहोचायला बहुधा काही सेकंदच लागतात. पुढचे ऑप्टिमायझिंग काही तास चालले तरी हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. त्या काळात डिस्कचा वेग जुन्या आणि नव्या मापाच्या दरम्यान कुठेतरी असतो, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, ‘आम्हाला तर खरोखरच सर्व्हर बंद करावा लागला होता.’ तसे घडू शकते आणि त्याची कारणे नेमकी सांगता येतात. अझूरवर बऱ्याच प्रकारच्या डिस्कसाठी 4 टीबीचा उंबरठा आहे. त्याच्या आतली डिस्क त्याच्या पलीकडे न्यायची असेल तर मशीन थांबवून डिस्क सोडवावी लागते. जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यात सेक्टरचा क्रमांक 32 बिटांत लिहितात. 512 बाइटचा सेक्टर धरला तर सुमारे 2 टीबीनंतर क्रमांकच संपतात, आणि पुढे जायचे तर जीपीटी तक्ता हवा. म्हणजे खंड पडतो तो विशिष्ट अडथळ्यामुळे. तो अडथळा आपल्या डिस्कला आहे की नाही, हे आधीच तपासता येते. अपवाद असतात म्हणून प्रत्येक वेळी रात्री दोनचा मुहूर्त काढायचा, हा मात्र सवयीचा भाग झाला.

गैरसमज 2: कन्सोलमध्ये आकडा बदलला की काम झाले

शेजारचा तुकडा विकत घेतला आणि सातबाऱ्यावर नोंदही झाली, पण बांध जुन्याच जागी राहिला तर नांगर तिथपर्यंतच फिरणार. क्लाउडच्या कन्सोलमध्ये जे घडते ते सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखे. बांध सरकवणे म्हणजे पार्टिशन वाढवणे, आणि नव्या जमिनीत वाफे पाडणे म्हणजे फाइल सिस्टिम वाढवणे. लिनक्सवर हे तीन आकडे वेगवेगळे दिसतात. समजा 100 जीबीची मूळ डिस्क 200 जीबी केली. ‘एलएसबीएलके’ चालवले की डिस्कपुढे 200 दिसते, पण तिच्या खालच्या पार्टिशनपुढे अजून 100 च असते. ‘ग्रोपार्ट’ चालवल्यावर पार्टिशन 200 च्या आसपास पोहोचते, तरी ‘डीएफ’ जुनाच आकडा दाखवते, कारण ते फाइल सिस्टिमला विचारते आणि तिला अजून कोणी काही सांगितलेले नसते. शेवटी ईएक्सटी4 असेल तर ‘रिसाइझ2एफएस’ आणि एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस ग्रोएफएस’ चालवले की तिन्ही थर एका मापावर येतात. एलव्हीएम वापरात असेल तर मध्ये आणखी दोन थर येतात, पण हिशोब तोच.

बांधाचे एक व्यावहारिक अंग आहे. पार्टिशन वाढू शकते ते त्याच्या लगत पुढे मोकळी जागा असेल तरच. रूट पार्टिशनच्या पुढे कोणी स्वॅपचे पार्टिशन बसवून ठेवले असेल, तर नवी जागा स्वॅपच्या पलीकडे पडते आणि रूट अडकून राहते. उबंटूच्या क्लाउड इमेजमध्ये याची तजवीज आधीच केलेली आढळते. तिथे बूटसाठीची छोटी पार्टिशने 14 आणि 15 अशी मोठ्या क्रमांकांची असली तरी डिस्कवर ती सुरुवातीला असतात, आणि 1 क्रमांकाचे रूट पार्टिशन मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवलेले असते, वाढायला वाट मोकळी राहावी म्हणून. बरेच जण म्हणतात, ‘आम्ही तर काहीच केले नाही, रीबूट केल्यावर जागा आपोआप दिसली.’ ते खरे आहे, पण श्रेय रीबूटचे नाही. सर्व्हर सुरू होताना ‘क्लाउड-इनिट’ हा प्रोग्रॅम वरच्या दोन्ही पायऱ्या आपणहून पार पाडतो. त्याच दोन पायऱ्या हाताने करायला मिनिटभर लागतो आणि सर्व्हर चालूच राहतो.

गैरसमज 3: चालू फाइल सिस्टिम ताणली तर डेटा जातो

‘ताणणे’ हा शब्दच इथे फसवा आहे. ईएक्सटी4 आपली जागा ब्लॉक-गटांत वाटते. ब्लॉक 4 केबीचा असेल तर एक गट 128 एमबीचा होतो. वाढ करताना जुने गट जागचे हलत नाहीत. शेवटी नवे गट रचले जातात आणि एकूण किती गट आहेत ती नोंद बदलते. एक्सएफएसमध्येही साधारण असेच होते आणि तिथे तर वाढ माउंट केलेल्या अवस्थेतच करतात. मग ॲमेझॉनपासून अनुभवी प्रशासकांपर्यंत सगळे आधी स्नॅपशॉट घ्यायला का सांगतात? कारण धोका माणसाच्या हातात आहे. ॲमेझॉनच्या नायट्रो पिढीच्या सर्व्हरवर डिस्कची नावे एनव्हीएमई पद्धतीची असतात. कन्सोलमध्ये दिलेले नाव आणि सर्व्हरच्या आत दिसणारे नाव जुळेलच असे नाही, आणि रीबूटनंतर क्रमही बदलू शकतो. अशा वेळी घाईत चुकीच्या डिस्कवर आज्ञा चालवली, किंवा वाढवण्याऐवजी नवी फाइल सिस्टिम रचण्याची आज्ञा दिली, तर डेटा खरोखरच जातो. स्नॅपशॉटसाठीही सर्व्हर थांबवावा लागत नाही. मात्र चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्या क्षणीची स्थिती असते. मेमरीत राहिलेले, डिस्कवर न उतरलेले काही त्यात येत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

गैरसमज 4: डिस्क जितकी मोठी, तितकी वेगवान

हा गैरसमज हवेतून आलेला नाही. ईबीएसच्या जीपी2 प्रकारात वेग आकाराला बांधलेला असतो: दर जीबीमागे 3 आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखने), किमान 100. म्हणजे 100 जीबीला 300 आणि 200 जीबीला 600, शिवाय लहान डिस्कना थोड्या वेळापुरती 3,000 पर्यंत उसळी. त्या हिशोबाने जागा नको असतानाही डिस्क फुगवणे ही व्यवहारी युक्ती होती. डिसेंबर 2020 मध्ये जीपी3 आले आणि हे नाते तुटले. तिथे आकार कितीही असो, 3,000 आयओपीएस आणि सेकंदाला 125 एमबी इतका वेग मूळ दरातच मिळतो. जास्त हवा असेल तर तो स्वतंत्रपणे विकत घ्यायचा. सर्व्हरलाही डिस्कशी बोलण्याची स्वतःची मर्यादा असते, त्यामुळे लहान सर्व्हरला कितीही वेगवान डिस्क जोडली तरी अडते ते सर्व्हरपाशीच. जीपी2 वरून जीपी3 वर जाणेही इलास्टिक व्हॉल्यूम्सच्याच सोयीने, सर्व्हर चालू ठेवून करता येते. म्हणून कामाची गती मंदावली की ती जागेमुळे मंदावली की वेगामुळे, हे आधी पाहावे.

गैरसमज 5: आता भरपूर घेऊ, नको असेल तेव्हा कमी करू

इथे वाट एकाच दिशेची आहे. ईबीएस, गूगल आणि अझूर या तिन्हींकडे डिस्क वाढते, पण लहान होत नाही. त्यामागचे कारण वरच्याच रचनेत आहे. शेवटी जोडणे सोपे, पण शेवटचा भाग कापायचा तर तिथला डेटा आधी उचलून पुढे आणावा लागतो. त्यासाठी ईएक्सटी4 अनमाउंट करावी लागते आणि एक्सएफएस आखडण्याची व्यवहारात उपयोगी सोयच नाही. लहान करायचेच झाले तर नवी छोटी डिस्क घ्या, डेटा उतरवा आणि सेवा थोडी थांबवून अदलाबदल करा. म्हणजे वाढवताना टळलेला खंड कमी करताना वाट अडवतो. दरम्यान बिल वापरलेल्या जागेवर येत नाही, घेतलेल्या जागेवर येते. ‘एकदाच मोठी घेऊन निश्चिंत व्हावे’ हा सल्ला त्यामुळे निश्चिंतीपेक्षा खर्चाचीच जास्त हमी देतो.

मग थोडी थोडी वाढवत जावी का? हो, पण टिपूस-टिपूस नव्हे. एका बदलानंतर लगेच दुसरा करण्यावर ईबीएसमध्ये बंधन असते. अनेक वर्षे ही मर्यादा किमान 6 तासांची होती. घाबरून 5 जीबी वाढवले आणि तासाभरात तेही भरले, तर हात बांधले जाऊ शकतात. एक पाऊल काही महिन्यांची गरज भागवेल इतके असावे.

सर्वांत जपायचे ते डिस्क शंभर टक्के भरण्याआधी. ‘ग्रोपार्ट’ला काम करताना टेम्प फोल्डरमध्ये थोडी जागा लागते. रूट डिस्क पूर्ण भरली असेल तर जागा वाढवण्याची आज्ञाच ‘जागा नाही’ म्हणून परत येते. त्यावर उतारा आहे: टेम्पवर मेमरीतली तात्पुरती फाइल सिस्टिम बसवायची आणि मग आज्ञा द्यायची. पण ही वेळ येते ती पाळत नसल्यामुळे, आणि ॲमेझॉनची निरीक्षण सेवा क्लाउडवॉच ही पाळत आपोआप ठेवत असेल हे गृहीत धरणेही चूक आहे. फाइल सिस्टिम किती भरली हे बाहेरून क्लाउडला दिसत नाही. त्यासाठी सर्व्हरच्या आत एजंट बसवावा लागतो. इथेही तोच भेद आहे: व्हॉल्यूमचा आकडा क्लाउड जाणतो, फाइल सिस्टिमचा सर्व्हरच जाणतो. म्हणून इशारा 80 टक्क्यांच्या आसपास लावावा, पुढचे पाऊल दिवसाउजेडी टाकावे, आणि आज्ञा चालवून झाल्यावर व्हॉल्यूम, पार्टिशन आणि फाइल सिस्टिम यांचे आकडे एकमेकांशी पडताळूनच काम संपले म्हणावे.