मोटन हायस्कूलची इमारत कशी वाचली?

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, प्रिन्स एडवर्ड परगण्यात फार्मव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९३९ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल बांधण्यात आले. गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी, असा तेव्हाचा कायदाच होता. आज या विटांच्या एकमजली इमारतीत संग्रहालय आहे. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या आमच्या माताभगिनींना तिची हकिकत सांगावी, असे आम्हाला वाटते.

शाळा बांधली १८० मुलांसाठी आणि १९५१ पर्यंत मुले झाली साडेचारशेच्या वर. नवी इमारत मागितली तर अधिकाऱ्यांनी मैदानात लाकडी खोपट्या उभ्या केल्या आणि वर डांबरी कागद ठोकला. पावसात छत गळायचे. हिवाळ्यात शेगडीजवळचा मुलगा भाजायचा, तर कोपऱ्यातला कोट घालून कुडकुडायचा. प्रयोगशाळा नाही, व्यायामशाळा नाही, जेवणाची खोलीही नाही. पालकांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि उत्तरादाखल नुसती आश्वासने मिळाली. अर्जांचे काय होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

शेवटी मुलेच उठली. बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची विद्यार्थिनी. तिने निवडक सोबत्यांना घेऊन गुपचूप बेत आखला. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना खोटा फोन गेला की, शाळेची मुले गावात अडचणीत सापडली आहेत. ते बाहेर पडताच साऱ्या वर्गांना सभागृहात बोलावले गेले. पडदा उघडला तो व्यासपीठावर बार्बरा! तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली आणि मुलांना संपाची हाक दिली. सारी शाळा बाहेर पडली. मुख्याध्यापकांना मुद्दाम दूर ठेवले, यात आम्हाला त्या मुलीचे शहाणपण दिसते. ते हजर असते, तर संपाचा ठपका त्यांच्यावरच आला असता.

संप दोन आठवडे चालला. मुलांनी एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या वकिलांना पत्र लिहिले. (या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक डू बॉईस. त्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते.) ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी अट घातली की, चांगली पण वेगळी शाळा मागू नका, वेगळेपणच मोडायला सांगा. पालकांची नोकरी आणि शेती गोऱ्यांच्या मर्जीवर, तरीही त्यांनी सह्या केल्या. ११७ विद्यार्थ्यांच्या नावे दावा दाखल झाला. पुढे तो ब्राऊन खटल्यात सामील झाला आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

पण निकाल लागला म्हणजे शाळेचे दार उघडले, असे नाही. एकत्र शिकवण्यापेक्षा परगण्याने १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप ठोकले! गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळी मुले मात्र घरी बसली. कोणाला आईबापांनी दूरच्या नातेवाइकांकडे धाडले, कोणी चर्चच्या तळघरात चार अक्षरे गिरवली, आणि कितीकांचे शिक्षण कायमचे सुटले. १९६४ साली न्यायालयाच्या हुकमाने शाळा पुन्हा उघडल्या. बुडालेल्या त्या वर्षांची भरपाई म्हणून २००४ साली व्हर्जिनियाने शिष्यवृत्ती सुरू केली. तोवर त्यातली कित्येक मुले पन्नाशीला पोहोचली होती.

जुन्या इमारतीत पुढे प्राथमिक शाळा भरत असे. ती १९९५ साली बंद झाली आणि इमारत विकली जाण्याची वेळ आली. तेव्हा धावून आल्या त्या बायका! मार्था फॉरेस्टर महिला मंडळाच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी, ही वास्तू आमच्या मुलांच्या लढ्याची आहे, ती विकू देणार नाही, असा आग्रह धरला आणि पैसा उभा करायला घेतला. १९९८ साली इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २३ एप्रिल २००१ रोजी, संपाला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, संग्रहालय खुले झाले.

बार्बरा ते पाहायला नव्हती. संपानंतर तिच्या जिवाला धोका म्हणून आईबापांनी तिला अलाबामात काकांकडे पाठवले होते. पुढे ती ग्रंथपाल झाली आणि १९९१ साली वारली. वॉशिंग्टनच्या संसद भवनात व्हर्जिनियातर्फे गुलामगिरीवाल्यांचा सेनापती रॉबर्ट ली याचा पुतळा होता. डिसेंबर २०२० मध्ये तो हलवण्यात आला आणि त्या जागेसाठी राज्याने बार्बराची निवड केली.