जनावरांच्या दवाखान्यातील परिचारकांना नोंदणी हवी

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यापासून कल्याण-डोंबिवलीच्या नव्या वसाहतींपर्यंत पाळीव प्राण्यांचे दवाखाने आता जागोजागी दिसतात. दारावर डॉक्टरांचे नाव आणि पदवी असते. आत गेल्यावर मात्र घाबरलेल्या कुत्र्याला टेबलावर चढवणारा, त्याच्या तोंडाला पट्टी बांधणारा, पायातली सलाईनची सुई हलू नये म्हणून तासभर उभा राहणारा माणूस दुसराच असतो. खासगी दवाखान्यात त्याला असिस्टंट म्हणतात, प्राणिकल्याण संस्थेत पॅरावेट. सरकारी दवाखान्यात हीच कामे व्रणोपचारक आणि परिचर करतात आणि गावोगाव पशुधन पर्यवेक्षक फिरतात. या सगळ्यांच्या कामाचा गाभा शुश्रूषा हाच आहे. तरीही परिचारक हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून आपण अजून मान्य केलेला नाही. त्याचे शिक्षण, नोंदणी आणि अधिकारांची सीमा ठरत नाही तोवर उत्तम डॉक्टर असूनही आपल्या प्राण्यांचे उपचार अपुरेच राहतील.

हे काम किती जबाबदारीचे आहे ते शस्त्रक्रियेच्या वेळी कळते. डॉक्टरांची नजर जखमेवर असते, तेव्हा भूल दिलेल्या प्राण्याचा श्वास, नाडी आणि तापमान दुसऱ्या कोणीतरी पाहावे लागते. कुत्र्याचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. भूल दिल्यावर ते उतरू लागते आणि लहान पिल्लाच्या बाबतीत तर फार लवकर उतरते. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत तिचा गुलाबी रंग परत यायला हवा. तो आला नाही तर रक्ताभिसरण बिघडत असल्याचा तो इशारा असतो. हा इशारा ओळखून डॉक्टरांना वेळेत सावध करणे हे शिकून येणारे कौशल्य आहे. त्याआधी प्राणी उपाशी आहे का हे विचारणे, वजन अचूक घेणे, कारण औषधाची मात्रा त्यावरच ठरते, अवजारे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे, आणि नंतर प्राणी पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ थांबणे, हेही त्याच माणसाकडे असते. पार्व्हो झालेल्या पिल्लाला वेगळे ठेवणे आणि त्याच्या पिंजऱ्याला हात लावल्यावर दुसऱ्या रुग्णाकडे जाण्याआधी हात धुणे, एवढ्या साध्या शिस्तीवर इतर पिल्लांचे प्राण अवलंबून असतात.

भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीत ही गरज आणखी ठळक होते. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि त्याला पकडले त्याच भागात सोडायचे, असा सर्वसाधारण क्रम आहे. या साखळीत शस्त्रक्रियेचा वेळ सर्वांत कमी असतो. बाकीचे दिवस टाके तपासणे, कुत्रा खातो का ते पाहणे, वेदनाशामक देणे, कानाला खूण केली आहे ना याची खात्री करणे आणि नोंदी ठेवणे यात जातात. टाके उसवलेला कुत्रा तसाच रस्त्यावर सोडला गेला तर त्याचे हाल होतातच, शिवाय वस्तीचा त्या योजनेवरचा विश्वासही उडतो. पालिका कंत्राट देताना शस्त्रक्रियांची संख्या मोजतात. शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीसाठी किती प्रशिक्षित माणसे आहेत, हेही तितक्याच काटेकोरपणे मोजायला हवे.

शहराबाहेर पडून मुरबाड-शहापूरकडे गेले की कामाचे रूप बदलते. तिथे जनावर खोड्यात घालून लस टोचणे, कानाला बिल्ला मारणे, बसलेल्या म्हशीची कूस दर काही तासांनी बदलणे, दूधताप झालेल्या गाईला डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देत असताना तिच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणे, अशी कामे असतात. 2022 च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातील वेहळोली गावात बर्ड फ्लू आढळला आणि हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्याच वर्षी राज्यात लम्पी त्वचारोग पसरला आणि गोठ्यागोठ्यात जाऊन गाई-बैलांना लस द्यावी लागली. अशा मोहिमा डॉक्टर एकटे पार पाडू शकत नाहीत. त्या या मधल्या फळीच्या जोरावरच उभ्या राहतात.

कायद्याला ही फळी अगदीच अनोळखी नाही. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत डॉक्टरांपुरता ठेवला. मात्र त्याच्या कलम 30 नुसार राज्य सरकार पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकते. ही तरतूद गुराढोरांच्या जगाचा विचार करून झाली. भूल, अतिदक्षता, क्ष-किरण, रक्ततपासणी असलेल्या शहरी दवाखान्यातील परिचारक तिच्यात नीट बसत नाही. माणसांच्या परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा 1947 मध्येच झाला. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून डॉक्टर घडवत आहे. प्राण्यांच्या परिचारकांसाठी राष्ट्रीय पातळीवरची स्वतंत्र परिषद मात्र आजही नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की अशी ओळख दिली तर हेच लोक उद्या डॉक्टर म्हणून दुकान थाटतील. ही भीती खोटी नाही. पण बोगस उपचार फोफावतात ते सीमा धूसर असते म्हणून. ब्रिटनने 1961 मध्ये परिचारकांचे प्रशिक्षण सुरू केले आणि 1991 मध्ये कायदा बदलून डॉक्टरांच्या निर्देशाखाली औषधोपचार आणि किरकोळ शस्त्रक्रियेची मुभा दिली. शरीराच्या पोकळीत शिरावे लागेल अशी शस्त्रक्रिया मात्र त्यांना वर्ज्यच राहिली. काय करायचे आणि काय नाही हे असे लिहून ठेवले की उल्लंघन पकडता येते. दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रशिक्षित माणसाला पगार जास्त द्यावा लागेल आणि बिल वाढेल, हे खरे. पण भुलेतली चूक किंवा चिघळलेली जखम त्याहून महाग पडते, आणि डॉक्टरांचा वेळ मोकळा झाला की तेच अधिक रुग्ण पाहू शकतात. तिसरा आक्षेप भावनिक आहे: माणसांच्या रुग्णालयांत परिचारिका कमी असताना जनावरांसाठी हा आग्रह कशाला? याचे उत्तर रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिस देतात. आजारी कुत्र्याची लाळ आणि लघवी रोज हाताळणारा माणूस अप्रशिक्षित असेल, तर धोका त्याच्यासह त्याच्या घरापर्यंत पोहोचतो. अशा प्रत्येकाला रेबीजची प्रतिबंधक लस आधीच मिळायला हवी. प्राण्यांची शुश्रूषा हा सार्वजनिक आरोग्याचाच भाग आहे.

म्हणून राज्य सरकारने आणि नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने पाळीव प्राण्यांच्या शुश्रूषेचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम आणि त्यासोबत नोंदणीची व्यवस्था उभारावी. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्यांना परीक्षा देऊन त्यात येण्याची वाट ठेवावी, कारण त्यांचा अनुभव वाया जाणे परवडणारे नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांना त्यासाठी थांबण्याची गरज नाही. नसबंदी केंद्रांच्या कंत्राटात प्रशिक्षित परिचारकांची अट त्या आजही घालू शकतात. आणि वाचकांनी आपला कुत्रा किंवा मांजर शस्त्रक्रियेसाठी नेताना डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: भूल दिल्यावर याच्याकडे लक्ष कोण ठेवणार, आणि रात्री याच्याजवळ कोण असणार?