लंडी खाना : वैमानिक परुळकर यांचें पलायन आणि एक जुना नकाशा

या त्रैमासिकांत चित्रपटाचा विषय पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. सनदा, महजर, ताम्रपट आणि बखरी यांच्या अभ्यासकांनीं पडद्यावरील युद्धकथांकडे कां वळावें, असाहि आक्षेप कोणी घेतील. आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या गरजेंतून पूर्वीं बखर निर्माण झाली, त्याच गरजेंतून सांप्रत देशभक्तिपर युद्धपट निर्माण होतो. बखरीस लावावयाची कसोटी आमच्या मंडळींस चांगली अवगत आहे. तीच या नव्या साधनास लावून पाहण्यास प्रत्यवाय नसावा.

प्रथम अलीकडचें एक उदाहरण घेऊं. २०२५ सालीं प्रदर्शित झालेला 'स्काय फोर्स' हा हिंदी चित्रपट कोडगू प्रांतांतील स्क्वाड्रन लीडर अज्जामाडा बोप्पय्या देवय्या यांच्या पराक्रमावर आधारलेला आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजीं सरगोधा येथील पाकिस्तानी विमानतळावर भारतीय विमानदलानें हल्ला केला. देवय्या यांस त्या मोहिमेंत राखीव म्हणून नेमलें होतें. तरी ते मिस्टेर जातीचें विमान घेऊन पुढें गेले आणि परत आले नाहींत. त्यांचें काय झालें हें आपल्याकडे कोणासहि सांगतां येईना. पुढें १९७९ सालीं जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाचें, पाकिस्तानच्या बाजूनें या हवाई युद्धाची हकीकत सांगणारें पुस्तक निघालें. त्यांत, एका मिस्टेर विमानानें आपल्याहून कितीतरी वेगवान अशा एफ-१०४ विमानाशीं झुंज दिली आणि तें पाडलें, असा उल्लेख आला. दोन्ही पक्षांच्या हकीकती ताडून पाहतां तें विमान देवय्या यांचेंच, हा निर्णय झाला, आणि १९८८ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर २३ वर्षांनीं, त्यांस महावीर चक्र देण्यांत आलें.

येथें संशोधकानें ध्यानांत घ्यावयाची गोष्ट अशी कीं, या वीराचें नांव जें टिकलें तें स्वपक्षाच्या स्तुतीनें नव्हे, शत्रुपक्षाच्या कबुलीनें टिकलें. आपला पराभव जो स्वतः लिहून ठेवतो, त्याची साक्ष या बाबतींत सहसा खोटी नसते. चित्रपटांत मात्र नांवें बदललेलीं आहेत. देवय्या यांच्या जागीं विजय नांवाचा नायक आहे. अशा स्थितींत शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकापाशीं केवळ चित्रपटच उरला, तर मूळ पुरुषाचें नांव त्यास कोठून मिळावें ?

आतां महाराष्ट्राकडे वळूं. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचें नांव पुण्याबाहेर फारसें कोणाच्या तोंडीं नाहीं. १९६५ च्या युद्धांत हातास गोळी लागली असतांहि त्यांनीं आपलें हंटर विमान सुखरूप परत आणिलें. १० डिसेंबर १९७१ रोजीं त्यांचें सुखोई विमान शत्रूच्या प्रदेशांत पडलें आणि ते युद्धकैदी होऊन रावळपिंडीच्या छावणींत गेले. तेथें भारतीय विमानदलाचे एकूण १२ अधिकारी होते. परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनीं कोठडीच्या भिंतीच्या विटा हळूहळू सैल केल्या, आणि १९७२ च्या ऑगस्ट महिन्यांत १२ व १३ तारखांच्या मधल्या रात्रीं ते भिंतीबाहेर पडले. पाकिस्तानी विमानदलांतील रजेवर निघालेले नोकर असल्याची बतावणी करीत, बदललेल्या नांवांनीं ते मोटारगाडीनें पेशावरास पोहोंचले व तेथून जमरूदवरून खैबर खिंडींत लंडी कोतल येथें आले. अफगाणिस्तानची सरहद्द आतां अवघी चार-पांच मैलांवर होती.

या ठिकाणीं घात झाला, आणि तो झाला एका नकाशानें. तिघांचा मार्गदर्शक म्हणजे छावणींत मिळालेला एक शालेय नकाशासंग्रह होता. त्यांत खैबरच्या लोहमार्गाचें शेवटचें स्थानक लंडी खाना असें दाखविलेलें होतें. म्हणून लंडी कोतलास उतरून त्यांनीं लंडी खान्यास जाण्याची विचारपूस आरंभिली. खैबरच्या लोहमार्गाचा हा शेवटचा तुकडा १९२६ सालीं सुरू झाला व १९३२ सालींच बंद पडला, हें त्यांस कोठून ठाऊक असणार ! ज्या स्थानकावर ४० वर्षें गाडी गेली नाहीं तें स्थानक विचारणारे हे परके कोण, असा संशय तेथील तहसील कचेरीच्या माणसांस आला. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर अनेक बंगाली लोक याच वाटेनें अफगाणिस्तानांत निसटत असत. तेव्हां हेहि बंगालीच असावेत, असा प्रथम तर्क झाला. प्रकरण जिवावर बेतण्याचा रंग दिसतांच परुळकरांनीं, पाकिस्तानी विमानदलाच्या प्रमुखांचे अंगरक्षक अधिकारी उस्मान हमीद यांच्याशीं बोलणें करवून द्यावें, असा आग्रह धरिला. हे हमीद पूर्वीं त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. त्यांनीं ओळख पटवून दिली आणि तिघांचे प्राण वांचले. १ डिसेंबर १९७२ रोजीं इतर कैद्यांसह ते वाघा येथून स्वदेशीं परतले.

या प्रसंगावर 'द ग्रेट इंडियन एस्केप' नांवाचा चित्रपट २०१९ सालीं निघाला. त्यापूर्वीं २०१३ सालीं फेथ जॉन्स्टन यांनीं या पलायनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, आणि त्याच छावणींतील कैदी धीरेंद्रसिंह जाफा यांनींहि आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या आहेत. म्हणजे सहभागी पुरुषाचें कथन, त्याच्या सोबत्याचें लेखन, त्रयस्थाचा शोध आणि चित्रपट असे चार थर येथें एकावर एक आढळतात. थर जसजसा वर जातो, तसतसा रंग वाढतो आणि तपशील कमी होतो.

आमच्या मतें या हकीकतीचें मर्म भिंतीच्या भोकांत नाहीं, लंडी खाना या नांवांत आहे. आम्ही छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणाऱ्या मार्गावरील बिडकीन गांवीं राहतों. आमच्या जिल्ह्याच्या मुख्य नगराचीच गोष्ट पाहा. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास वसविलेली ती खडकी. त्याच्या पुत्रानें दिलेलें नांव फतेहनगर. पुढें औरंगजेबाच्या सुभेदारींत तें औरंगाबाद झालें, आणि २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर. यामुळें मलिक अंबराच्या हयातीची मिति असलेल्या कागदांत औरंगाबाद हें नांव आढळलें, तर तो कागद एकतर मागाहून केलेली नक्कल असला पाहिजे किंवा बनावट. स्थलनामाच्या या कसोटीनें आम्ही कागद पारखतों. लंडी कोतलच्या बाजारांत याच कसोटीनें माणसें पारखलीं गेलीं ! पारखणाऱ्यास पुराभिलेखविद्या ठाऊक नव्हती. पण आपल्या गांवची कोणती गोष्ट केव्हां बंद पडली हें त्यास पक्कें ठाऊक होतें. आम्हीं स्वतः वर्षानुवर्षें वर्गांत जुने नकाशे टांगून भूगोल शिकविला आहे. नकाशावर छापण्याचें वर्ष पाहण्याची संवय आम्हीं विद्यार्थ्यांस लाविली नाहीं, याची खंत ही हकीकत वाचल्यापासून आम्हांस वाटते.

चित्रपट पाहून पुष्कळांस आग्र्याहून सुटका आठवेल, आणि तें साहजिक आहे. १७ ऑगस्ट १६६६ च्या त्या प्रसंगाचें वर्णन बखरकारांनीं पेटाऱ्यांसह रंगवून केलें. परंतु रामसिंगाच्या पदरच्या मंडळींनीं त्याच दिवसांत लिहिलेलीं राजस्थानी पत्रें उजेडांत आलीं, तेव्हां चौकी-पहाऱ्यांची, संशयांची आणि दरबारांतील गोंधळाची खरी माहिती मिळाली. तथापि बखर म्हणून टाकाऊ ठरली नाहीं. ज्या काळाविषयीं ती लिहिली, त्याची साक्ष ती दुबळेपणानें देते. ज्या काळांत ती लिहिली गेली, त्याची साक्ष मात्र खणखणीत देते. चित्रपटाचेंहि तसेंच समजावें. १९७२ सालीं काय घडलें हें त्यास विचारूं नये. २०१९ च्या लोकांस काय आठवावेंसें वाटलें, हें अवश्य विचारावें.

कागदाचें मोल किती असतें, हें आणखी एका नांवावरून सांगतों. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे डिसेंबर १९७१ मध्यें पाकिस्तानांत विमान पडून बेपत्ता झाले. त्याच सुमारास तिकडील एका इंग्रजी वृत्तपत्रांत पकडलेल्या भारतीय वैमानिकांचीं नांवें आलीं, त्यांत 'टॉम्बे' असें एक नांव होतें. पाकिस्ताननें असा कैदी आपल्यापाशीं असल्याचें नाकारलें, आणि तांबे यांचें नांव १९७१ च्या ५४ बेपत्ता सैनिकांच्या यादींत राहिलें. एका घराची सारी आशा वृत्तपत्रांतील एका चुकलेल्या अक्षरावर टेकलेली राहावी, याहून पाठभेदाचें गांभीर्य तें कोणतें ? आम्ही मात्र पाठभेदांस केवळ पंडितांचा विनोद समजत आलों.

परुळकर यांचें निधन ऑगस्ट २०२५ मध्यें झालें. त्या पिढीचे बाकीचे पुरुषहि आतां वृद्ध झाले आहेत. संग्राहक बंधूंस आमची विनंती अशी कीं, मोडी दप्तरांच्या शोधांत गांवोगांव हिंडतांना निवृत्त सैनिकांच्या घरींहि थोडें थांबावें. आघाडीवरून आलेलीं पोस्टकार्डें, वैमानिकाची उड्डाणवही, कैदेंतून लिहिलेलें पत्र, छायाचित्राच्या पाठीवर लिहिलेलीं नांवें, हीं पाहावींत. मालकाच्या संमतीनें त्यांची नक्कल करावी, आणि नक्कल केल्याची तारीख व ती सांगणाऱ्याचें नांव तिजवर लिहावें. हीं कागदपत्रें रद्दींत गेलीं, तर पुढच्या संशोधकापाशीं चित्रपटच तेवढा राहील, आणि बंद पडलेल्या स्थानकाची वाट विचारीत तो हिंडूं लागेल. त्या वेळीं त्याची ओळख पटवून देण्यास कोणी उस्मान हमीद भेटेलच, असें नाहीं.